कापशीची बंडी

६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. हे आधीच लिहिलं, कारण माझं पत्र फोडण्याआधी तुला पाणी पिऊन बसावं लागतं असं तूच मागे म्हणाली होतीस.

बबीला डॉक्टरांनी अंथरुणावरून हलू नको म्हणून सांगितलं आहे. आजारी नाही, पण मागच्या वेळचं तुला ठाऊकच आहे. या खेपेला जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही आणि घरात जनावर नको. म्हणून जावईबापू तिची पाळलेली सशीण टोमॅटोच्या खोक्यात घालून माझ्याकडे सोडून गेले. नाव कापशी. पांढरी आहे, एका कानाला करडी कड आहे. दुकानामागच्या खोलीत अस्तराचे गठ्ठे सरकवून तिचा पिंजरा ठेवला आहे. जनावर बबीचं, त्यातून ती अशा अवस्थेत. कापशीला काही झालं तर मी काय सांगू?

आणि व्हायला लागलं आहे. परवापासून कापशी स्वतःच्या छातीवरची लव तोंडाने उपटते आहे. बुचकेच्या बुचके. मला खरूज वाटली. शेजारच्या घड्याळवाल्यांना बोलावलं, तर ते डोळ्याला भिंग लावून आले, बराच वेळ बघितलं आणि सगळे भाग जागेवर आहेत म्हणाले. हा माणूस थट्टा कधी करतो आणि खरं कधी बोलतो ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मग मला जे येतं ते मी केलं. जुन्या वर्तमानपत्रावर खडूने आखून तिच्या मापाची बंडी बेतली. मऊ फ्लॅनेल, पुढच्या पायांना दोन भोकं, छाती आणि पोट पूर्ण झाकलेलं, पाठीवर चार बंद, म्हणजे तोंड पोचणार नाही. ट्रायलला दोनदा चावली. गिऱ्हाईक म्हणून फार वाईट, पण बंडी अशी बसली की एक सुरकुती नाही. उपटलेली लव झाडून बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे, टाचण्यांची गादी भरायला होईल.

आता लव उपटणं थांबलं, पण तोंडात गवत धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरते. मिशा फुटल्यासारखी दिसते. डोकं तर फिरलं नसेल? तुझ्या घरामागे इतकी वर्षं ससे होते, तूच सांग.

दुसरं. बबी म्हणते, दवाखान्यातून सुटले की बाळाला घेऊन तुमच्याकडेच येणार. जावयांची वीजकेंद्रात पाळी असते, तिकडे कोणी नाही, हे खरं. पण इकडे तरी कोण आहे? मी. चौथी शिकलेला, हात थरथरणारा, घरात बाई माणूस नाही. तुझे गुडघे तुला येऊ देत नाहीत. तेव्हा तू तिला चार ओळी लिहून समजाव की तिकडेच एखादी बाई ठेव म्हणून. माझं नाव घेऊ नकोस. कापशीचंही कळवू नकोस.

उत्तर बसच्या कंडक्टरबरोबर दे, टपालाची वाट बघवत नाही. नुसतंच पायमशीन चालवत बसतो, खाली कापड नसतं.

माझ्यावरची माया विरली असेल तिथे रफू करून घे.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ती बंडी आत्ताच्या आत्ता काढ. पुढचं नंतर वाच.

काढलीस? आता बस. अरे शहाण्या, कापशीला खरूज नाही आणि वेडही नाही. तिला पिल्लं होणार आहेत. सशीण स्वतःच्या छातीची, पोटाची लव उपटून पिल्लांचं अंथरूण करते, गवत गोळा करते ते त्यासाठीच. लव काढली की आचळं उघडी होतात, पिल्लांना सापडतात. तू नेमकं तेच झाकून वर बंद बांधलेस. माझ्या माहितीत असा उद्योग आजवर कुणी केलेला नाही.

पिंजऱ्यात एक लाकडी खोकं ठेव, ती आत मावेल आणि वळेल एवढंच. तळाशी कोरडं गवत. जागा अंधाराची, मशीनपासून लांब. चिंध्या, कापूस, दोरा काहीही घालू नकोस, पायात गुंततं. आणि तिच्याजवळ दुसरा ससा नाही ना? बबीकडे शेजारणीचा ससा राहायला आला होता, दोघी मैत्रिणी झाल्या असं तिने लिहिलं होतं. ती मैत्रीण काय होती ते आता उघडच झालं.

बबीला मी काही लिहिणार नाही. तिला तुझ्याकडे येऊ द्यायचं नसेल तर तुझं तू सांग. तिच्या जन्माच्या वेळी तू तिला हातात घेतलं नाहीस, घामेजल्या हातातून सटकेल म्हणून. रांगायला लागल्यावर तीच तुझ्या पायाशी आली आणि तुझ्या पायजम्याला धरून उभी राहिली. तुझं असंच. कुणीतरी येऊन धरावं लागतं.

हे पत्र वेळेत पोचो. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

अक्का


११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

आज सकाळी मागची खोली उघडली तर पिंजऱ्यात पिल्लं. मला काही कल्पना नव्हती. पाच होती. माझ्या अंगठ्याएवढी, अंगावर काही नाही, कान डोक्याला चिकटलेले, डोळ्यांच्या जागी बारीक टीप मारल्यासारखी रेघ. जाळीच्या तळावर इकडे तिकडे पडली होती. कडेची दोन गार होती. मी त्यांना हातात घेऊन बराच वेळ फुंकर घातली. काही झालं नाही.

उरलेली तीन शर्टाच्या खोक्यात ठेवली. आत मऊ मऊ कातरण घातलं, मलमल, सुती, जे होतं ते. ठेवताना एक तर माझ्या बाहीतच शिरलं. पण अक्का, त्यांची आई त्यांच्याकडे बघतही नाही. दुसऱ्या कोपऱ्यात पाठ करून बसली आहे. मी खोकं तिच्या पुढ्यात नेलं, तर वास घेतला, वर चढायला बघितलं आणि परत जाऊन बसली. टाकली का तिने? माझ्या हाताचा वास लागला म्हणून? निदान बंडीमुळे तिला तरी थंडी नाही. कंपाउंडरकडून ड्रॉपर आणला आहे. गाईचं दूध कोमट करून ठेवलं आहे, पण पाजायचा धीर होत नाही. पिल्लू उताणं धरायचं का पालथं?

पत्र पाकिटात घालत होतो, इतक्यात कंडक्टर तुझं घेऊन आला. दारातच उभ्या उभ्या वाचलं. पहिली ओळ वाचली आणि चष्मा तसाच घेऊन आत पळालो.

बंदांच्या गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या, सुटेनात. शेवटी कात्री घेतली. आयुष्यभर कापड कापलं, पण कातडीला इतकं लागून कधी कापलं नव्हतं. घड्याळवाल्यांनी तिला धरलं. बंडी निघाली. आतून फ्लॅनेल भिजलेलं होतं. दुधाचा वास येत होता.

मी ते हातात घेऊन उभा राहिलो. दूध होतं अक्का, तिच्याकडे होतं.

कंडक्टर हॉर्न वाजवतो आहे. पिल्लं गार लागत आहेत. काय करू ते लगेच लिही.

धाकटा


१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी एक ऐक. पहिलटकरीण सशीण कधी कधी घरटं न करताच पिल्लं टाकते, त्यातली काही जातात. तुझ्या बंडीने गेली की तशीही गेली असती, ते कुणाला कळणार नाही. तू ते चिवडत बसू नकोस. तीन आहेत, त्यांच्याकडे बघ.

गार पिल्लाला दूध द्यायचं नसतं, आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भर, टॉवेलात गुंडाळ, त्याला टेकवून ठेव. हातात धरलंस तरी चालेल, पण हात आधी एकमेकांवर चोळ आणि मग कापशीच्या गवतात घास, म्हणजे तिचा वास लागेल. माणसाच्या वासाने पाळलेली सशीण पिल्लं टाकते हे खोटं आहे, पण तुझ्या हाताला मशीनच्या तेलाचा वास असतो, म्हणून.

ड्रॉपर परत कर. गाईचं दूध मांजराला घाल. उताणं धरून पाजलंस तर ते पोटाऐवजी छातीत जाईल.

कातरण सगळं काढ. लाकडी खोक्यात गवत घालून मुठीने खोलगट खळगा कर आणि त्यात ती तुझी डब्यातली लव घाल. टाचण्यांच्या गादीसाठी ठेवलीस ना, तीच. तुझ्या काहीही न टाकण्याच्या सवयीला मी जन्मभर हसले. आता नाही हसणार.

पिल्लं खळग्यात ठेव, वरून लव पांघर आणि दार ओढून घे. सशीण कोंबडीसारखी पिल्लांवर बसत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा येते, झुंजुमुंजू किंवा तिन्हीसांजेला, थोडा वेळ पाजते आणि लांब जाऊन बसते. ते टाकणं नव्हे. जवळ बसून राहिली तर शत्रूला पत्ता लागेल, असा तिचा हिशेब. ती कधी आली ते तुला दिसणारही नाही.

दिवसातून एकदाच बघायचं. पोट बघ. पाजलेल्या पिल्लाचं पोट गोल असतं, उपाशी पिल्लाच्या पोटावर सुरकुत्या पडतात. तुला सुरकुती ओळखायला शिकवायला नको.

एकदाच म्हणजे एकदाच. तुझी अक्का सांगते आहे म्हणून तरी. माझा जीव तुमच्या सगळ्यांत आहे, तेवढा असू दे.

अक्का


१५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तिन्ही आहेत. पण मला बसवत नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. लव घातली, पांघरली, दार ओढलं. मग दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घेतली आणि लिहिताना दुसऱ्याच्या नावापुढे लिहिली. उठलो, दाराला कान लावला. पुन्हा बसलो. घड्याळवाले म्हणाले, तुम्ही घड्याळ असता तर मी तुमची स्प्रिंग आधी काढून ठेवली असती.

कापशी खोक्यात गेली की नाही ते कळावं म्हणून मी एक युक्ती केली. खोक्याच्या तोंडाशी खडूची भुकटी पसरली. आपला शिंप्याचा खडू, त्याने काही बाधत नाही. काल सकाळी बघितलं तर भुकटीत पावलं. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही. पांढऱ्या पायांनी ती पिंजराभर फिरली होती. मी हात चोळले, गवतात घासले, लव बाजूला केली. दोघांची पोटं लिंबासारखी गोल. अक्का, मला कुणी शाबासकी दिल्यासारखं झालं.

तिसऱ्याचं पोट सुरकुतलेलं. सगळ्यात लहान तेच. उचललं तर मागच्या पायाला काहीतरी लागलं. माझ्या कातरणातलाच मलमलीचा एक धागा, केसाएवढा, घोट्याला दोन वेढे घेऊन आवळलेला. पाऊल जांभळं पडलं होतं. धागा काढण्याइतकं नख माझ्याकडे नाही आणि कात्रीचं टोक आत जाईना.

घड्याळवाल्यांचं भिंग डोळ्याला लावलं. सुई घेतली, पण उलटी, नेढ्याकडून, म्हणजे टोचणार नाही. शिवण उसवताना टाका जसा हळूच वर उचलतो तसा तो धागा कातडीवरून उचलला आणि घड्याळवाल्यांनी त्यांच्या बारीक चिमट्याने तोडला. मग मी पिल्लू मुठीत धरून बसलो. पाऊल लाल झालं, मग गुलाबी. तिला, म्हणजे कापशीला, मांडीवर हलकेच धरून त्याला तिच्या पोटाशी लावलं. शोधत शोधत पोचलं. आवाज येत नव्हता, पण त्याची पाठ हलत होती.

आज त्याचंही पोट गोल आहे. पाऊल थोडं वाकडं राहील असं दिसतं.

मी एकदाच बघतो. म्हणजे दोनदा.

बबीचं पत्र मात्र नाही. तिला बरं नसेल का? असती बरी तर लिहिलं नसतं? तुला काही कळलं असेल तर लपवू नकोस. दूर आहेस, पण हाताशी असल्यासारखी राहा.

धाकटा


१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण डाव्या कुशीवर झोपून लिहिता येत नाही आणि उजव्या कुशीवर झोपायला परवानगी नाही. हे उशीवर पालथं पाकीट ठेवून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर घड्याळवाल्या काकांचं भिंग घ्या.

मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात बाळ कदाचित थोडं लवकर येईल, पण आतापर्यंत सगळं नीट आहे. दिवसभर पंख्याकडे बघते. पंख्याच्या एका पात्यावर रंगाचा ओघळ आहे, तो इतका पाठ झाला आहे की डोळे मिटले तरी दिसतो.

कापशी कशी आहे? फार लठ्ठ झाली आहे का हो? मला आपला एक संशय आहे. तिला उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली द्या, कान धरून उचलू नका.

सुटका झाली की मी तुमच्याकडेच येणार आहे, हे पुन्हा लिहिते. तुम्ही मागच्या तिन्ही पत्रांत या वाक्याला उत्तर दिलेलं नाही.

हे तुम्हाला नमस्कार सांगतात. माझी आठवण काढता ना, तशीच काढत जा.

बबी


१८ फेब्रुवारी

चि. बबीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, जिवात जीव आला.

कापशी उत्तम आहे. लठ्ठ वगैरे काही नाही. तू तिची काळजी करू नकोस, डोक्यात काही आणू नकोस, फक्त पडून राहा.

तुझ्या येण्याबद्दल. मला काय, मला आनंदच आहे. पण विचार कर. दुकानाच्या वरच्या खोलीला ओल आहे. एक मशीन वरही आहे, त्याचा आवाज लहान बाळाला चालत नाही. नळाला सकाळीच पाणी येतं. शिवाय मी आता विसरतो, परवा इस्त्री तशीच कापडावर राहिली होती. थोडंसंच जळलं. तिकडे एखादी अनुभवी बाई मिळाली तर तुझी आबाळ होणार नाही. मी अधूनमधून येऊन बघून जाईन.

बाकी इकडे सगळं ठीक. तिघंही मजेत आहेत. म्हणजे मी, कापशी आणि घड्याळवाले.

जावईबापूंना आशीर्वाद. या म्हाताऱ्याला जपून ठेव म्हणत नाही, तू स्वतःला जप.

बाबा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घड्याळवाले काका तुमच्या घरच्या खुशालीत कधीपासून धरले जाऊ लागले? मला ते वाचून इतकं हसू आलं की शेजारीण धावत आली. बाबा, तुम्हाला खोटं शिवता येत नाही. टाका दिसतो.

तिघं म्हणजे तीन पिल्लं. होय ना? आणि सशिणीला सहसा तीनच होत नाहीत, तेवढं मला माहीत आहे. म्हणजे आणखी होती आणि ती गेली. तुम्ही मला ते सांगत नाही आहात.

हसून झालं. तुम्हाला एक लिहायचं आहे, ते कधी बोलले नाही. मागच्या वेळी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा कपाट रिकामं होतं. तुम्ही शिवलेली झबली, टोपडी, दुपटी सगळं मी येण्याआधीच कुणीतरी हलवलं होतं. मला त्रास होऊ नये म्हणून. सगळे माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. हे ड्यूटीवर निघून जात, तुम्ही राहायला आलात ते तीन दिवस खिडकीच्या पडद्यांना घड्या घालत होता. मला वाटायला लागलं की झालं ते खरंच झालं होतं की नाही. कुणाला तरी विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही सगळे घाबरला असता.

म्हणून या वेळी मला बाई नको. अनुभवी तर मुळीच नको. मला घरात एक माणूस हवं आहे जे मला खरं सांगेल. वाईट असलं तरी. मला वाटलं होतं ते तुम्ही व्हाल. तुम्ही घाबरता ते चालेल. लपवता ते चालणार नाही.

किती होती, किती गेली, कशी गेली, सगळं लिहा. मग मी येऊ का ते सांगा. तुम्ही नको म्हणालात तर नाही येणार.

बबी


२४ फेब्रुवारी

चि. बबीस,
अ. उ. आ.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन गुळगुळीत झाली होती, फाडली.

पाच होती. दोन गेली. कापशी लव उपटत होती तेव्हा मला ती खरूज वाटली आणि मी तिला बंडी शिवून घातली. छाती-पोट झाकणारी. त्यामुळे तिला घरटं करता आलं नाही आणि पिल्लांना दूध मिळालं नाही, तुझ्या आत्याचं पत्र येईपर्यंत. आत्या म्हणते तशीही गेली असती. मला ते माहीत नाही, तिलाही माहीत नाही. ती दोन मागच्या नळाजवळच्या झाडाखाली ठेवली आहेत, बंडीतच गुंडाळून. दुसरं मऊ कापड त्या वेळी सुचलं नाही.

तिसरं पण जायचं, माझ्याच कातरणातल्या धाग्याने. ते वाचलं. त्याचं मागचं पाऊल वाकडं आहे. त्याला आम्ही लंगडू म्हणतो, तेच सगळ्यांत आधी खोक्याबाहेर आलं. तिघांना आता मखमलीसारखी लव आहे आणि परवा डोळे उघडले. मी खोक्यात वाकलो होतो, तेव्हा लंगडूने मला बघितलं. मला वाटतं त्याने पहिलं काही बघितलं असेल तर माझा चष्मा.

कपाट मी रिकामं केलं होतं. फेकलं काही नाही. दुकानातल्या सगळ्यांत खालच्या खणात आहे, खाकी कागदात बांधून. तू आलीस की खण तूच उघड, नाहीतर राहू दे. मी तुझ्याआधी उघडणार नाही.

ओल खरी आहे, पण पलंग दुसऱ्या भिंतीला लावला की झालं. मशीन खाली नेता येईल. मला अजून भीती वाटते, ती काही जाईल असं दिसत नाही. पण तू ये.

खरं आहे ते लिहिलं. एवढ्यावर माया कमी झाली तर तसंही कळव.

बाबा


२७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. काल पहाटे मुलगी झाली. वेळेआधी आली, फार लहान आहे. काचेच्या पेटीत ठेवली आहे, श्वास स्वतःचा स्वतः घेते. डॉक्टर म्हणतात, पहिला आठवडा बघू, आताच काही सांगत नाही. बबीने बजावलं आहे की हे वाक्य तुम्हाला आहे तसं लिहायचं, गोड करून नाही.

ती स्वतः ठीक आहे. तुमचं पत्र तिने दोनदा वाचून उशीखाली ठेवलं आहे.

इथल्या कपड्यांत बाळ हरवून जातं. नर्सबाई म्हणतात, पूर्ण उघडणारं, बटण नसलेलं, बंदाचं काही असेल तर आणा, नळ्या सांभाळून घालता येईल. मी बबीला विचारलं, बाळ केवढं सांगू. ती म्हणाली, बाबांना लिहा, साधारण कापशीएवढं.

आपला,
जावई


२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

जावयांचं पत्र तुला पाठवलं होतं, ते मिळालं असेल. पुढचं लिहितो.

ते पत्र वाचलं. मग उठून माप शोधलं. वर्तमानपत्रावरचा तो खडूचा बेत मी टाकला नव्हता, तू आता हसणार नाहीस म्हणालीस म्हणून सांगतो. कापशीची छाती आणि बबीची मुलगी, फरक बोटभर धरला. बंद पाठीवरून पुढे आणले. छाती झाकेल पण सहज उघडेल असं केलं. आणि एक गोष्ट केली, जी आजवर एकाही कपड्याला केली नाही. शिवण बाहेर काढली. उलटं शिवलं, म्हणजे आतल्या बाजूला एकही धागा नाही, एकही टोक नाही. मग भिंग लावून आतून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. बाहेरून ओबडधोबड दिसतं. कुणी म्हणेल या शिंप्याला शिवता येत नाही. म्हणू दे.

तीन शिवली, धुतली, इस्त्री केली आणि काल स्वतः घेऊन गेलो. कापशी आणि पिल्लं घड्याळवाल्यांकडे सोपवली. त्यांना एकदाच बघा म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, हे कोण सांगतंय बघा.

दवाखान्यात सगळीकडे पांढरं आणि वाफेचा वास. बबी खुर्चीत बसली होती, बारीक झाली आहे. मी तिला विचारायच्या आधी तिनेच सांगितलं. आदल्या दिवशी एकदा बाळ श्वास घ्यायला विसरलं होतं. नर्सने तळपायाला टिचकी मारली, मग आठवला. काल मात्र तोपर्यंत तसं झालेलं नव्हतं. तिने हे माझ्याकडे बघत सांगितलं. मी पडद्याकडे गेलो नाही. तिथेच उभा राहिलो आणि ऐकलं. मग तिला म्हणालो की मला फार भीती वाटते आहे. ती म्हणाली, मलाही. त्यानंतर आम्हा दोघांना जरा बरं वाटलं.

नर्सबाईने मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पेटीला बाजूला गोल दार असतं, त्यातून एक हात आत घालायची परवानगी मिळाली. हात गार झाले होते, म्हणून मी ते चोळत उभा राहिलो, इतका वेळ की नर्सबाई म्हणाली, आजोबा, घालताय ना? मी म्हणालो, ऊब येऊ दे.

मग घातला. अक्का, तिचे कान डोक्याला चिकटलेले आहेत, अगदी तसेच. कपाळावर बारीक लव आहे. माझं बोट तिच्या तळहाताला लागलं आणि तिने ते धरलं. मी धरलं नाही, तिनेच धरलं. सटकलं नाही. माझा हात थरथरत होता का ते मला माहीत नाही, बबीला विचार, ती खरं सांगते.

डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. मी आता रोज सकाळच्या बसने जाणार आणि संध्याकाळी परत येणार, त्या दोघी घरी येईपर्यंत. पलंग दुसऱ्या भिंतीला लावला आहे. मशीन खाली न्यायला दोन माणसं उद्या येतील.

निघताना नर्सबाईने बाळाला घातलेल्या नव्या बंडीचे बंद सोडले, आजोबांनी शिवलेली म्हणून मला दाखवायला. मी बंडी बघितलीच नाही. पोट बघितलं. थोड्या वेळापूर्वीच नळीतून आईचं दूध दिलं होतं. पोट गोल होतं, मऊ होतं, श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

एक सुरकुती नव्हती.

तुझा,
धाकटा